जांभळा

सयाजी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, रात्रपाळीला,
काचेच्या पट्टीवर रक्ताचा एक थेंब ओढायचा,
जिभेच्या आकाराचा, पातळ.
वर लिशमनचा रंग. दोन मिनिटं.
मग बफर. सात मिनिटं.
नऊ मिनिटांत काही उरकत नाही,
चहा नाही, झोप नाही.
देवाचा विचार तेवढा होतो.

नाव: ध्रुमिल. वय सहा. गाव सावली.
गावाचं नाव मी दोनदा वाचलं.

तेलाचा थेंब, शंभरचं भिंग,
आणि त्या आल्या:
भरगच्च, एकीला एक लागून,
पिकून फुटायला आलेल्या जांभळांसारख्या,
मधे फिकट ठिपके, कडा मखमली.
सत्तावीस वर्षांत मी कुणाला सांगितलं नाही
की त्या सुंदर दिसतात.
कुणी केल्या असतील
तर जीव लावून केल्या आहेत, उरकून नाही.
आणि कुणीच केल्या नसतील
तर मी इतकी वर्षं चिडले आहे कुणावर?

दांडिया बाजारात, देवळामागच्या खोलीत,
दिगंबरकाका प्रवचन सांगतात. माझे सख्खे काका.
त्यांना विचारलं. म्हणाले, प्रारब्ध.
काका, त्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही,
मागच्या जन्मी त्यानं एवढं काय बांधून ठेवलं?
म्हणाले, देव परीक्षा घेतो.
कुणाची? त्याची? त्याच्या आईची? माझी?
तिघांची परीक्षा एकाच्या हाडांत घेतात का?
म्हणाले, वैजू, आपल्याला पूर्ण चित्र दिसत नाही.
मी म्हणाले, मला हजार पट दिसतं.
मग काका रागावले.
मग म्हणाले, जेवून जा, चिंचगुळाची आमटी आहे.
मी जेवले. आमटी चांगली झाली होती.

विश्वामित्रीला पाणी चढलं की मगरी सोसायटीत येतात,
पार्किंगमध्ये, कुणाच्या ॲक्टिव्हाखाली.
पोरं जबड्याला दोर बांधतात, वर ओलं पोतं टाकतात,
आणि पाणी उतरलं की परत सोडून येतात.
मगरीवर कुणी चिडत नाही.
तिचं पोट, तिची नदी.
पण ज्याला नदी हवी होती, मगरही हवी होती,
मूलही हवं होतं,
आणि तिन्ही एकाच उतारावर,
त्याला समर्थ म्हणा किंवा दयाळू म्हणा.
दोन्ही एका दमात म्हणता म्हणता
आरतीत माझा आवाज बसतो.

सकाळी पुन्हा रक्त काढायला वॉर्डात गेले.
त्यानं विचारलं, "मारुं लोही जोयुं? केवुं छे?"
खोटं सुचलं नाही. म्हणाले, जांबली.
तो खूश. शाळेत त्याच्या हाउसचा तोच रंग.

रिपोर्टच्या फॉर्मवर सगळे रकाने आहेत,
नमुना, वेळ, पाठवणार, तपासणार.
'कारण' असा रकाना नाही.
मी 'तपासणार'वर सही केली.

गुरुवारी काका आले, न सांगता, पेढे घेऊन.
सिस्टरनं पेढे बाहेर ठेवायला लावले.
तोंडाला मास्क, हात दोनदा धुतलेले,
आणि खाटेवर सापशिडी मांडलेली.
काका सत्त्याण्णववर पोचले.
एक पडला.
अठ्ठ्याण्णववर साप. थेट अठ्ठावीसवर.

"अरे, पण मी तर काहीच केलं नव्हतं!"
काका बोलून गेले,
आणि मास्कच्या वरचे डोळे माझ्याकडे वळले नाहीत.

ध्रुमिल हसून हसून खोकला.
"काका, ए तो पासो छे."

मला वाटलं, आता उठतील.
उठले नाहीत.
अठ्ठावीसवर कलंडलेली सोंगटी
त्यांनी बोटानं उभी केली
आणि बसून राहिले,
पुन्हा पाळी येईपर्यंत.